मदत हवी आहे: बाबांच्या आयफोनला सिमची खाचच नाही, १८ दिवसांनी अमेरिकेचं विमान

गोदाकाठ

मंडळी, जरा घाईत लिहितोय, चूकभूल माफ करा.

आई-बाबा पहिल्यांदाच ताईकडे न्यू जर्सीला चालले आहेत. मुंबई-दोहा-न्यूयॉर्क, मुक्काम साधारण साडेपाच महिने. व्हिसा, विमा, मेतकुटाच्या पिशव्या, सगळं मार्गी लागलंय. अडलंय ते फोनवर.

भावोजी दिवाळीत आले तेव्हा बाबांसाठी त्यांचा आयफोन १५ ठेवून गेले. तिकडेच घेतलेला आहे. काल बाबांचं सिम त्यात घालायला बसलो तर सिम ठेवायची जागाच सापडेना. अर्धा तास कव्हर काढून टॉर्च मारून शोधली. शेवटी ताईला फोन केला तर ती हसायलाच लागली. म्हणे अमेरिकेतल्या आयफोनला १४ पासून ही खाच नसतेच, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, वेगळं घालावं न लागणारं सिम.

तर प्रश्न असे. बाबांचं इथलं सिम ई-सिम करून घ्यायचं का? त्याच फोनमध्ये तिकडचा नंबरही चालेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथल्या बँकेचे ओटीपी तिकडे येतील का? पेन्शन, मुदत ठेवी, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं त्या एकाच नंबरावर आहे. बाबा स्वतः बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे ‘तुमचा ओटीपी मला कळवा, मी इथून करतो’ हा मार्ग आमच्या घरात बंद आहे.

आईकडे साधा अँड्रॉइड आहे, दोन सिमचा. त्यात ई-सिमचा पर्याय दिसत नाही.

चहा_बिनसाखर

एवढं कशाला? कंपनीचं रोमिंग पॅक मारा आणि निवांत जा. आम्ही सिंगापूरला तेच केलं.

एडिसनची_मावशी

बिनसाखर, सिंगापूरला तुम्ही पाच दिवस गेला असाल. साडेपाच महिने रोमिंग पॅक मारत बसलात तर त्या पैशात इथे अजून एक नातेवाईक येऊन जाईल.

गोदाकाठ, माझे सासू-सासरे तीनदा आलेत, त्यामुळे सांगते. इथल्या वापरासाठी ताईच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून घ्या किंवा महिन्याचं प्रीपेड घ्या. प्रवाशांसाठी मिळणारी ती आठ-पंधरा दिवसांची डेटा ई-सिम तुमच्या कामाची नाहीत. त्यातल्या बहुतेकांना फोन नंबरच नसतो, नुसता डेटा. इथे डॉक्टरकडे, फार्मसीत, लायब्ररीत, जिथे तिथे नंबर विचारतात आणि तो इथलाच लागतो.

ती लाइन बाबा घरी पोचल्यावर ताईनेच चालू करावी, वायफायवर दहा मिनिटांचं काम आहे. विमानतळावर त्यासाठी धडपडू नका. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर फुकट वायफाय आहे, तेवढ्यावर ‘बाहेर आलो’ असा व्हॉट्सॲप जातो.

ठाकुर्ली_स्लो

मोबाइलच्या दुकानात नऊ वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. बाकी सगळं राहू द्या, आधी एक बघा. त्या आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडा आणि खाली ‘कॅरिअर लॉक’ शोधा. समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं तर ठीक. दुसरं काही दिसलं तर तो फोन तिकडच्या कंपनीला बांधलेला आहे आणि इथलं सिम, प्लॅस्टिकचं असो की ई, त्यात चालणार नाही. अमेरिकेतून आलेले फोन पुष्कळदा हप्त्यावर घेतलेले असतात. लोक आमच्याकडे येऊन ‘तुमचं सिम खराब आहे’ म्हणून भांडतात.

तो फोन ई-सिम घेतो का ही शंका असेल तर *#०६# दाबा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) तर येतातच, सोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर आला म्हणजे ई-सिमची सोय आहे. आईंच्या फोनवरही करून बघा.

गोदाकाठ

ठाकुर्ली, तुमच्या तोंडात साखर पडो, की नको पडो, कळत नाहीये. ‘सिम लॉक्ड’ असंच दिसतंय.

आईच्या फोनवर नुसते दोन आयएमईआय. ईआयडी नाही.

ठाकुर्ली_स्लो

घाबरू नका. भावोजींना सांगा, हप्ते राहिले असतील तर भरून टाका आणि कंपनीला अनलॉकची विनंती करा. ते त्यांच्या खात्यातूनच होतं, तुम्ही इथून काही करू शकत नाही. कोणी दुकानदार ‘दोन हजारात लॉक तोडून देतो’ म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

आईंचा प्रश्न सोपा आहे. एका खाचेत इथलं सिम तसंच ठेवा, दुसऱ्या खाचेत तिकडचं साधं सिम. फक्त फोन ४जी आणि व्होल्टीचा (४जीवरूनच कॉल करणारा) असू द्या. अमेरिकेत ३जी २०२२ मध्येच गुंडाळलं, त्यामुळे फार जुना फोन नेला तर कॉल लागणार नाहीत.

खटपट्या

मी जरा उलटं सांगतो. बाबांचं सिम ई-सिम करूच नका.

आत्ता ते ज्या फोनमध्ये आहे तो फोन तसाच बरोबर न्या. तोच ओटीपीचा डबा. आयफोनमध्ये फक्त अमेरिकेचा नंबर. ना लॉकची भानगड, ना कंपनीच्या दारात चकरा. आणि यूपीआय लक्षात घ्या. भीम असो, फोनपे असो, नोंदणीच्या वेळी ते ज्या फोनमध्ये असतात त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून खातं बांधतात. फोन बदलला की हे सगळं पुन्हा. जुना फोन न हलवणं यातच शहाणपण आहे.

दुसरी गोष्ट. प्लॅस्टिकचं सिम असेल तर फोन बिघडला तरी ते काढून दुसऱ्यात घालता येतं. ई-सिम चुकून डिलीट झालं तर तोच क्यूआर कोड सहसा परत चालत नाही, नवीन मागावा लागतो. तो मागायला एसएमएस पाठवायचा त्याच सिमवरून, जे आता फोनमध्ये नाही. आणि कंपनीचं दुकान तेरा हजार किलोमीटरवर.

एडिसनची_मावशी

खटपट्याचं तर्कशास्त्र बिनतोड आहे, पण तो सत्तरीतल्या माणसाबरोबर राहिलेला दिसत नाही. दोन फोन, दोन चार्जर, दोन पासवर्ड. माझ्या सासऱ्यांनी हेच केलं. दुसऱ्या महिन्यात ‘ओटीपीचा डबा’ कपाटात स्वेटरखाली बंद पडलेला सापडला. मुदत ठेवीची मुदत त्याच्या आदल्या दिवशी संपली होती.

बाबा सांभाळू शकतील तर दोन फोन. नाहीतर सगळं एकात.

गोदाकाठ

बाबांना दोन्ही पर्याय वाचून दाखवले. म्हणाले, ‘एका माणसाला एक फोन पुरे.’ विषय संपला.

भावोजींनी उरलेले हप्ते भरलेत, अनलॉकची विनंती गेली आहे. आता ते झालं असं धरून पुढचं विचारतो. आयफोनमध्ये दोन्ही ई-सिम एकाच वेळी चालतात ना?

ठाकुर्ली_स्लो

चालतात. आयफोन १३ पासून दोन ई-सिम एकदम चालू ठेवता येतात, साठवून आठ किंवा जास्तही ठेवता येतात.

आता रूपांतराचं नीट वाचा, लोक इथेच फसतात. कंपनीप्रमाणे पद्धत वेगळी आहे, पण गाभा एकच. जुन्या फोनमधल्या चालू सिमवरून ठरलेल्या नंबरावर एसएमएस किंवा कंपनीच्या ॲपमधून अर्ज. काहींना ईआयडी आणि आयएमईआय टाकावा लागतो, काहींना ईमेल. तो ईमेल त्यांच्याकडे आधीच नोंदवलेला हवा. मग खात्री करणारा एसएमएस येतो, त्याला ठरावीक वेळात उत्तर द्यायचं. मग ईमेलवर क्यूआर. तो दुसऱ्या स्क्रीनवर उघडा किंवा कागदावर छापा आणि आयफोनने स्कॅन करा. थोड्या वेळाने जुन्या सिमची रेंज जाते, ती गेली म्हणजे गाडी रुळावर आहे.

आणि हे ठळक अक्षरात समजा. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, जाणारेही आणि येणारेही. दूरसंचार खात्याचाच नियम आहे, चोरांनी परस्पर सिम बदलून खाती साफ करू नयेत म्हणून. या काळात ओटीपी येणार नाही. काही बँकाही नवीन सिम दिसलं की थोडे दिवस व्यवहारांवर हात आखडता घेतात. त्यामुळे हे काम निदान आठवडाभर आधी. विमानाच्या आदल्या रात्री करणारे महाभाग मी पाहिलेत.

चहा_बिनसाखर

यावरून आठवलं. माझ्या मेव्हण्याला फोन आला होता, ‘तुमचं सिम ई-सिम करून देतो, आलेल्या मेसेजला हो म्हणा.’ हो म्हणाले. सिम बंद, पलीकडच्याने खात्याला हात घातला. वेळीच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून थोडक्यात निभावलं. स्वतः सुरू केलेलं नसेल तर अशा कुठल्याच मेसेजला उत्तर देऊ नका.

गोदाकाठ

बिनसाखर, तुमचा हा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला ही माझी चूक झाली.

आज सकाळी आयफोनवर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं, त्यामुळे उत्साहाने बसलो. बाबांच्या जुन्या फोनवरून एसएमएस पाठवला. खात्रीचा मेसेज आला. मी पाणी प्यायला गेलो. परत येतो तर बाबांनी तो मेसेज उडवलेला. ‘हो म्हणायला सांगत होते. मी म्हणालो नाही.’ वेळ टळून गेली.

दुसऱ्यांदा केलं तर ईमेल नोंदलेला नाही. दुपारी कंपनीच्या दुकानात गेलो, तिथे कळलं की सिम बाबांच्या नव्हे, माझ्याच नावावर आहे. कॉलेजात असताना मीच घेऊन दिलं होतं. म्हणजे बाबा तासभर रांगेत उभे होते ते उगाचच, आधार माझंच लागलं. संध्याकाळपर्यंत क्यूआर मिळाला, स्कॅन झाला, जुनी रेंज गेली, नवीन आली.

आता २४ तास घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. विम्याचा हप्ता आजच भरायचा होता म्हणे.

खटपट्या

😄 ठीक, मी हरलो. पण मग आता सेटिंग्ज तरी नीट करून द्या.

भारतीय लाइनला ‘भारत’ आणि तिकडच्या लाइनला ‘अमेरिका’ अशी नावं द्या, प्रायमरी-सेकंडरीने गोंधळ होतो. विमानात बसायच्या आधी भारतीय लाइनचं डेटा रोमिंग बंद. लाइन मात्र चालूच ठेवायची. लोक घाबरून लाइनच बंद करतात आणि मग ओटीपीची वाट बघत बसतात. तिकडचा नंबर आला की सेल्युलर डेटा ‘अमेरिका’वर आणि त्याखालचं ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ बंद, नाहीतर रेंज कमी झाली की फोन आपल्या मनाने दुसऱ्या सिमवर उडी मारतो. इथल्या भाषेच्या सेटिंगमध्ये सेल्युलरच्या जागी ‘मोबाइल’ दिसेल, गोष्ट तीच.

डेटा रोमिंगबद्दल कायम घोळ होतो. प्रवाशांच्या ई-सिमला ते चालू लागतं, कारण ते सिम मुळात बहुतेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं. ताईच्या प्लॅनमधल्या लाइनला ते लागत नाही, ती तिथलीच आहे.

व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर राहतं. नवीन सिम आल्यावर ‘नंबर बदलायचा का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. हे बाबांना जमेल असं वरच्या प्रतिसादावरून वाटतं.

आणि आयमेसेजच्या (ॲपलच्या स्वतःच्या मेसेज सेवेच्या) नोंदणीसाठी फोन गुपचूप एक परदेशी एसएमएस पाठवतो, त्याचे चार-पाच रुपये कापले जातात. कुणी लुटलं म्हणून आरडाओरडा नको.

एडिसनची_मावशी

दोन गोष्टी राहिल्या. इंटरनॅशनल रोमिंग निघायच्या आधी कंपनीच्या ॲपमधून चालू करून घ्या. ते नसेल तर इथे उतरल्यावर भारतीय सिम नेटवर्कच पकडत नाही. येणाऱ्या एसएमएसचे सहसा पैसे लागत नाहीत, पण तुमच्या प्रीपेडला पॅक न मारता ते येतात का, हे चॅटवर लेखी विचारा. आलेला कॉल उचलला तर मात्र मिनिटाचे पैसे. बाबांना सांगा, +९१ वाले फोन वाजू द्यायचे, मग व्हॉट्सॲपवरून उलटा फोन करायचा.

आणि रिचार्ज. मुदत संपली की ओटीपीही थांबतात. २८ दिवसांचा हिशोब तिथून सांभाळत बसू नका. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितल्यापासून कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसची, लांब मुदतीची रिचार्ज आणली आहेत. इथे भारतातला डेटा कोणाला हवाय? त्यातलं एक मारा, दोघांच्याही नंबरला.

गोदाकाठ

सगळं केलं. रोमिंग चालू, रिचार्ज झालं, नावं ‘भारत’ आणि ‘अमेरिका’. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय, त्यात ‘डिलीट ई-सिम कधीही दाबू नये’ हे लाल शाईने. आईने तोच कागद फ्रीजवर चिकटवण्यासाठी झेरॉक्स करून घेतला.

परवा पहाटे निघतायत. पोचले की कळवतो.

गोदाकाठ

पोचले. ताईच्या घरी वायफायवर तिकडची लाइन पंधरा मिनिटांत चालू झाली. आईच्या फोनमध्ये साधं सिम, तिचं तर आधीच सुरू होतं, विमानतळावरून घरी जाताना तिने चार जणींना फोनही केले.

खरी परीक्षा ओटीपीची. मी इथून बाबांच्या खात्याच्या लॉगिनवर नाव टाकलं आणि व्हॉट्सॲप केला, ‘बाबा, भारत लाइनवर मेसेज आला का?’

‘आला.’

‘काय नंबर आहे? फक्त तपासायला.’

पाच मिनिटं काही नाही. मग उत्तर आलं, ‘कोणालाही सांगू नये असं त्यात लिहिलं आहे.’