मदत हवी आहे: अतडू मूळ तेलुगूत सबटायटल्ससकट कुठे मिळेल?

महेश बाबूचा २००५ चा सिनेमा अतडू, त्रिविक्रमने दिग्दर्शित केलेला, ज्यात आपले सयाजी शिंदे पुढारी आहेत आणि त्यांच्या खुनाचा आळ नायकावर येतो, तो मूळ तेलुगूत कुठे बघायला मिळेल? बाबांना दाखवायचाय, त्यांनी नाना पाटेकरांचा हिंदी रिमेक, २००९ चा 'एक' नावाचा, पाहिलाय पण मूळचा नाही. मला हिंदी डब सापडला पण त्यात गंमतच गेली हो, ट्रेनमध्ये भेटलेला पार्धू गोळी लागून मरतो आणि नायक त्याच्या नावाने त्याच्या गावी राहतो, तिथली घरातली बोलणी तेलुगूतच ऐकायला हवीत. इंग्रजी सबटायटल्स चालतील, फक्त अक्षरं मोठी हवीत, बाबांना बारीक दिसत नाही. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, रविवारी बघायचाय.