आर्सेनलची घडी चॅपमनने बसवली की अ‍ॅलेक्स जेम्सने?

डावा इनसाइड
1930 च्या दशकातल्या आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या यशाचं सगळं श्रेय व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनला देण्याची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. पास होताना आक्रमक आणि गोलरेषेच्या मधे तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असले तरी पुरे, नाहीतर तो ऑफसाइड. इंग्लिश लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागातले गोल एका हंगामात 1,192 वरून 1,703 वर गेले. उपाय म्हणून सेंटर-हाफला (मधल्या फळीतल्या मधल्या खेळाडूला) दोन बॅकच्या, म्हणजे बचावपटूंच्या मधे खाली आणायची चाल अनेक क्लबांनी उचलली. पण त्याने मैदानाचा मधला पट्टा ओसाड पडतो. बचावाने चेंडू हिसकावला, पुढे काय? लांब लाथाडला की परत अंगावर. म्हणून एका इनसाइड-फॉरवर्डने (विंगर आणि सेंटर-फॉरवर्ड यांच्या मधल्या आक्रमकाने) खाली येऊन तो घ्यायचा, वळायचं आणि विंगरला, म्हणजे कडेच्या आक्रमकाला द्यायचा. हे काम करणारा जेम्स 1929 मध्ये प्रेस्टन क्लबातून 8,750 पौंडांना आला आणि 1930 ला आर्सेनलचा पहिला एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा. चॅपमन 1925 पासून तिथेच होते ना?

खडूस बॅक
ही जागा जेम्ससाठी निर्माण झाली असं भासवू नका. ऑक्टोबर 1925 मध्ये न्यूकॅसलने आर्सेनलला 7-0 धुतलं, तेव्हा आर्सेनलच्याच चार्ली बुकन या खेळाडूने सेंटर-हाफ मागे घ्या आणि एक इनसाइड खाली आणा असा आग्रह धरला. चॅपमननी त्या जागी तिसऱ्या संघातला अँडी नील घातला: वेग बेताचा, पण चेंडू थांबवून नेमका देणारा. पुढचाच सामना वेस्ट हॅमच्या मैदानावर 4-0 जिंकला आणि हंगामाअखेर संघ दुसरा. आणि जेम्सच्या पहिल्या हंगामात लीगमध्ये क्रमांक कितवा? 14वा. कप तेवढा मोजायचा, हे सोयीचं गणित झालं.

डावा इनसाइड
14वा आला, कारण जेम्स सुरुवातीला प्रेस्टनचाच खेळ खेळत होता: चेंडू पायाशी ठेवून दोघांना चकवायचं आणि स्वतः गोलकडे जायचं. ते मोडायला वेळ लागला. पुढे त्याने गोल करणं जवळजवळ सोडलंच, आर्सेनलसाठी 261 सामन्यांत 27 गोल. काम काय, तर बचावातल्या हॅपगुड किंवा रॉबर्ट्सकडून चेंडू घ्यायचा आणि एक तर समोरच्या बॅकच्या आतल्या बाजूने डावा विंगर बॅस्टिनपुढे सरकवायचा, नाहीतर तिरका लांब उजवा विंगर ह्यूमला. बॅस्टिन कडेला न थांबता आत घुसायचा. विंगर असून 1932-33 मध्ये लीगमध्ये 33 गोल! हा पास अर्धा क्षण उशिरा गेला तर ऑफसाइड, लवकर गेला तर गोलरक्षकाचा. नीलसारख्याला ते झेपणारं नव्हतं.

वेम्बली 28
तुम्ही दोघं त्याला आर्सेनलपुरताच मोजताय. 31 मार्च 1928, वेम्बली, ओलं मैदान, स्कॉटलंड 5 इंग्लंड 1. जॅक्सनचे तीन, जेम्सचे दोन. तेव्हा तो दुसऱ्या विभागात खेळत होता आणि चॅपमनचा त्याच्याशी संबंधही नव्हता. माझ्या मते खरा जेम्स तो. आर्सेनलने त्याचा पोस्टमन केला.

खडूस बॅक
मग त्या ‘खऱ्या’ जेम्सला स्कॉटलंडची टोपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना, फक्त आठ वेळा का मिळाली?

वेम्बली 28
त्याचा दोष खेळाला देऊ नका. आंतरराष्ट्रीय सामनेही बहुतेक शनिवारी, लीगही शनिवारी. इंग्लिश क्लबांना स्कॉटिश खेळाडू सोडणं जड जायचं. 1931 मध्ये स्कॉटलंडने इंग्लंडविरुद्ध सगळे घरच्या क्लबांतले खेळाडू उतरवले, आणि 2-0 जिंकलेसुद्धा. एकदा असं जिंकल्यावर निवडकर्ते लंडनकडे कशाला बघतील?

खडूस बॅक
ठीक. पण मूळ मुद्द्याचं काय? जेम्स 1937 मध्ये निवृत्त झाला आणि 1937-38 ची लीग आर्सेनलनेच जिंकली. माणूस गेला तरी यंत्र चाललं.

डावा इनसाइड
चाललं, पण कसं ते बघा. 52 गुण आणि 77 गोल. 1930-31 मध्ये 66 गुण आणि 127 गोल होते. क्लबलाही ते कळलं होतं, म्हणून 1938 मध्ये वुल्व्ह्जच्या ब्रिन जोन्ससाठी 14,000 पौंड मोजले. पद्धत तीच, जागा तीच, तरी तो तिथे बसला नाही. 1932 च्या एफए कपच्या अंतिम सामन्याला जेम्स दुखापतीमुळे नव्हता आणि न्यूकॅसलकडून 2-1 हार.

खडूस बॅक
1932 चं उदाहरण बाद! न्यूकॅसलचा पहिला गोल ज्या क्रॉसवर झाला तो चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता, छायाचित्रात दिसतो. ब्रिन जोन्सचा मुद्दा मात्र मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.