बार्सिलोनाची वर चढलेली फळी: हा बचाव की जुगार?

सहा नंबर
प्रशिक्षक हॅन्सी फ्लिकच्या बार्सिलोनाचे २०२४-२५ चे जवळपास सगळे सामने पाहिले आणि माझं मत पक्कं झालंय. आजचा बचाव मैदानाच्या मध्यावर होतो, गोलसमोरच्या बॉक्समध्ये नाही; बचावपटूंची फळी, म्हणजे मागची रांग, तिथवर चढलेली असते.

२६ ऑक्टोबर २०२४ चा बर्नाब्यूवरचा, म्हणजे रेआलच्या घरचा सामना आठवा. रेआल माद्रिद १२ वेळा ऑफसाइड (पास सुटताना फॉरवर्ड बचावफळीच्या पलीकडे), त्यात एकटा एम्बापे ८ वेळा. त्याने चेंडू जाळ्यात मारला तोही रद्द झाला आणि बार्सिलोना ४-० ने जिंकली. बार्सिलोनाचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) पाउ कुबार्सी तेव्हा १७ वर्षांचा होता. एम्बापेशी शर्यत लावली असती तर हरलाच असता, पण त्याने शर्यत लागूच दिली नाही. पास सुटायच्या क्षणी एक पाऊल पुढे, बस. हे जमतं कारण पास देणाऱ्याच्या अंगावर पेद्री आणि रफिन्या आधीच धावून गेलेले असतात. मान वर करायला वेळ मिळाला नाही की पास अर्धा सेकंद उशिरा सुटतो. तो अर्धा सेकंद कमावणं म्हणजे बचाव. दहा जण गोलसमोर गोळा करून चेंडू भिरकावत बसणं मला पटत नाही.

जुना स्टॉपर
ऑक्टोबर सांगितलात, मे महिना सोडून दिलात. ११ मे २०२५ ला त्याच एम्बापेने त्याच बार्सिलोनाविरुद्ध हॅटट्रिक केली. बार्सिलोना ४-३ ने जिंकली खरी, पण ती पुढच्या पोरांच्या जिवावर. त्याआधी इंटर मिलानने बार्सिलोनाच्या घरच्या मैदानावर ३ गोल घातले, मग स्वतःच्या सान सिरोत ४. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, दोन सामन्यांत ७ गोल खाऊन संघ बाहेर. ला लीगामध्ये ३९ गोल खाल्ले. तिसऱ्या आलेल्या अॅटलेटिकोने ३०.

बचाव बघायचा तर २०२२ च्या वर्ल्ड कपमधला मोरोक्को बघा. उपांत्य फेरी गाठेपर्यंत पाच सामन्यांत एकच गोल, तोही स्वतःच्याच बचावपटूच्या पायाला लागून. स्पेनने हजारावर पास दिले, १२० मिनिटांत एकही गोल नाही. मिडफिल्डर अम्राबात दोन सेंटर बॅकच्या पुढ्यात ठाण मांडून बसलेला, मधली वाट बंद, आणि झियेशसारखा आक्रमक खेळाडू स्वतःच्या कॉर्नरपर्यंत उतरून बचावपटू हकिमीला हात देतोय. याला गोळा होणं म्हणू नका. प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती.

सहा नंबर
मोरोक्कोबद्दल आदरच आहे. पण इंटरचे ते सात गोल एकेक करून बघा. डम्फ्रीसचे दोन्ही कॉर्नरवरून आले. एक पेनल्टी. फळीच्या पाठीमागून सरळ झालेला मला तरी लाउतारोचाच दिसतो, आणि तिथेही आधी ओल्मोने मध्यावर चेंडू गमावला. उलट पहिल्या सामन्यात मिखितारियनचा गोल बुटाच्या टोकाएवढ्या फरकाने ऑफसाइड ठरला. तो वाचवला कोणी? फळीनेच.

पेठेतला सेंटर बॅक
कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघातून अकरा सीझन सेंटर बॅक खेळलोय, म्हणून बोलतो. दोघेही फळी किती वर, किती खाली याचाच हिशोब करताय. आमचे कोच बाहेरून दोनच गोष्टी ओरडायचे: "बॉल मोकळाय, मागं सरा!" आणि कुणी बॉलवर गेलं की "चला वर!" तिसरं काही नाही. मोकळा म्हणजे बॉलवाल्यावर दाब टाकायला कुणी नाही.

मी बॉलकडे कमी आणि मारणाऱ्याच्या पायाकडे जास्त बघायचो. त्याने पाय मागे ओढला आणि मान वर आहे, म्हणजे लांब पास येणार. तेव्हा अंग आधीच अर्धं वळलेलं पाहिजे. सरळ तोंड करून उभा राहिलात तर वळेपर्यंत फॉरवर्ड दोन पावलं पुढे गेलेला असतो.

आणि चौघांत एक जरी चुकला तर सगळं वाया. एका सामन्यात आमच्या लेफ्ट बॅकच्या पोटरीत गोळा आला, तो कॉर्नरजवळ पडून राहिला. आम्ही तिघं शिट्टीच्या भरवशावर वर आलो, हात वर करून. तो पडलेला गडी सगळ्यांना ऑनसाइड ठेवत होता. गोल झाला. ते अजून डोक्यातून जात नाही.

डावी बाजू
दादा, तुमचं पटलं. एक भर घालते. व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणं) आल्यापासून बुटाच्या टोकाचा ऑफसाइडही पकडला जातो. पूर्वी अशा वेळी झेंडा वर गेलाच नाही की गोल धरला जायचा. व्हीएआर नसता तर फ्लिकने फळी एवढ्या वर नेली असती असं मला वाटत नाही.

जुना स्टॉपर
ताई, हे मान्य. २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमधले तीन गोल असेच ऑफसाइडमध्ये घालवले आणि २-१ ने जिंकले. पण पुढे पोलंडकडून ०-२, मेक्सिकोकडून १-२ हरून घरी. एक दिवस जमणं वेगळं आणि रोज जमणं वेगळं.

सहा नंबर
रोज जमण्याचंच बोलायचं तर मोरोक्कोचंही बघा. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध वॉर्म-अपमध्ये सेंटर बॅक अगेर्द गेला, २१ व्या मिनिटाला दुसरा सेंटर बॅक साइस बाहेर, आणि सामना ०-२ ने गेला. दोन माणसं गेल्यावर तुमची खालची फळीही तशी राहिली नाही.

जुना स्टॉपर
पहिला गोल पाचव्याच मिनिटाला झाला, तेव्हा साइस मैदानात होता. पण अगेर्दची उणीव जाणवली, हे खरं.

मला सान सिरोतलं ९३ वं मिनिट मात्र विसरता येत नाही. बार्सिलोना ३-२ ने पुढे, फायनल एवढ्यावर आलेली. डम्फ्रीसने उजवीकडे चेंडू हिसकावून आत टाकला. तेव्हा फळी मध्यावर नव्हती, बॉक्समध्येच होती. इंटरचा ३७ वर्षांचा अचेर्बी, जो स्वतः सेंटर बॅक, तो बार्सिलोनाच्या बचावपटू अरौहोच्या पुढे घुसला आणि त्याने चेंडू वर जाळ्यात मारला. अरौहोला त्या क्षणी ना ऑफसाइडची रेषा कामाची होती, ना पुढचा दाब. अंगाला अंग लावून माणूस धरायचा होता, एवढंच. तुमच्या या फळीला वर्षभर ते काम फारसं करावंच लागलं नव्हतं.