नांदेड-किरकटवाडीसाठी नवीन जलशुद्धीकरण केंद्र: आपण नक्की काय मागायचं?

किरकटवाडीकर
नमस्कार मंडळी. खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही आमची गावं जून २०२१ ला पुणे मनपात आली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हा सगळ्या पुण्याला कळलं की या गावांना खडकवासला धरणाचं पाणी विहिरीत घेऊन, क्लोरीन टाकून, तसंच पुढे सोडलं जातं, मधे फिल्टर नाही. तेव्हापासून मनपाकडून या भागासाठी स्वतंत्र जलशुद्धीकरण केंद्राचा विषय चालू आहे. आता रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे, निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलंय, आणि लोकांची दोन टोकं आहेत. काही जण म्हणतात एवढे कोटी घालून केंद्र कशाला, पाणीपट्टी वाढेल, क्लोरीन नीट टाका म्हणजे झालं, आणि ज्याला हवं त्याने घरी आरओ बसवावा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाहीये. माझी मुलगी ४ वर्षांची आहे, त्यामुळे मला हे बरोबर लिहायचंय. या कामातलं कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

जुना_फिल्टरबेड
मी एका नगरपालिकेत फिल्टर प्लँटवर ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे. क्लोरीन टाकलं की पाणी शुद्ध झालं हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. क्लोरीन हे सगळ्यात शेवटचं काम आहे, त्याच्या आधीची कामं झालेली नसतील तर त्याचा अर्धा जोर वाया जातो. जुलैत धरणाचं पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवून बघा. सकाळी तळाशी गाळ दिसेल पण वरचं पाणी तरीही गढूळच, कारण अगदी बारीक कण आपणहून खाली बसतच नाहीत, ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. म्हणून तुरटी किंवा पॅक (पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड, तुरटीसारखंच काम करणारं रसायन) टाकायचं. त्याने कण एकमेकांना चिकटतात आणि कापसाच्या बोंडासारखे छोटे छोटे गोळे होतात, त्याला आम्ही फ्लॉक म्हणतो. आम्ही रोज सकाळी जार टेस्ट लावायचो, सहा बीकर ओळीत, प्रत्येकात तुरटीचा डोस वेगळा, वरून पंखे हळूहळू फिरतायत, आणि कोणत्या बीकरमध्ये फ्लॉक चांगला धरून पटकन खाली बसतो ते बघून त्या दिवसाचा डोस ठरायचा. पाऊस पडला की दिवसात दोनदा तीनदा लावायची. मग क्लॅरिफ्लॉक्युलेटरमध्ये, म्हणजे गाळ बसवायच्या मोठ्या टाकीत, गाळ खाली बसतो, उरलेलं वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतं, फिल्टर तुंबला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवायचा, आणि त्यानंतर क्लोरीन.

हे सगळं न करता गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते पाण्यातल्या घाणीवरच खर्च होतं आणि जंतू मातीच्या कणांच्या आडोशाला वाचतात. त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरत असाल तर अजून एक भानगड. ताज्या पोत्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, तेच पोतं दमट खोलीत तोंड उघडं राहिलं तर काही आठवड्यांत दम जातो, वास येत राहतो म्हणून माणसाला वाटतं पावडर चांगली आहे. टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी थांबायला पण हवं, विहिरीतून एकीकडे उपसा चालू आणि दुसरीकडे पावडर टाकताय तर तो वेळच मिळत नाही.

त्यामुळे निवेदनात "शुद्ध पाणी द्या" एवढंच लिहू नका, ते सगळेच लिहितात. मानकाप्रमाणे शेवटच्या नळाला दर लिटरला ०.२ मिलीग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक हवं आणि गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा. रोजचे आकडे गावनिहाय जाहीर करा असं लिहा.

धायरीची_माधुरी
काका तुम्ही खूप छान समजावलंत. मी फक्त त्या "घरी आरओ लावा" म्हणणाऱ्यांसाठी लिहितेय. आमच्या शेजारच्या काकूंना त्या साथीत जीबीएस झालं. आधी दोन-तीन दिवस जुलाब, मग बरं वाटलं, आणि आठवडाभराने म्हणाल्या पायाला मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून सुटला, त्यांना वाटलं थंडीने हात बधिर झालेत. संध्याकाळी जिना चढता येईना. आयसीयू, इंजेक्शनं, मग कितीतरी महिने फिजिओथेरपी, आणि आता कुठे स्वतःच्या हाताने पोळी लाटतात. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की जंतू पोटात जातो, शरीर त्याच्याशी लढायला उठतं आणि चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासलेल्या पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले होते.

त्या दिवसांत आम्ही घाबरून प्रायव्हेट टँकर मागवला. टँकरवाल्याला विचारलं कुठे भरला, तर नीट उत्तरच देईना, म्हणून मग महिनाभर प्यायचं सगळं पाणी उकळूनच. आणि आरओ आम्ही लावला हो, पण आमच्या मागच्या चाळीत एकेका खोलीत चार-पाच मुलं राहतात, साइटवर कामाला जाणारी, ती कुठून लावणार? धुणंभांडी करणाऱ्या ताई तिथेच राहतात. नळाचं पाणीच चांगलं हवं, सगळ्यांना एकच.

खराडी_पूर्व
आमचा अनुभव सांगतो, कामाला येईल. पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणाच्या पाण्याचं २०० एमएलडीचं (दिवसाला २० कोटी लिटर) केंद्र झालं, १ जानेवारी २०२१ ला उद्घाटन, पण त्याआधी काम कितीतरी वर्षं रखडलं होतं. धरणग्रस्त शेतकऱ्यांचं पुनर्वसन बाकी होतं, त्यांनी काम थांबवलं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, जमीन त्यांची गेली आणि पाणी आपल्याला. इकडे खराडी-वडगाव शेरीला आम्ही टँकरवर दिवस काढत होतो. म्हणून केंद्राला मंजुरी मिळाली की पाणी आलं असं समजू नका. जागा, निधी, टेंडर, बांधकाम, प्रत्येक ठिकाणी वर्ष जातं. तोपर्यंत तुम्हाला काय पाणी देणार हे आत्ताच लेखी मागा. तुमच्या शेजारी सिंहगड रोडला वडगाव बुद्रुकचं केंद्र चालू आहे, तिथून शुद्ध केलेलं पाणी तात्पुरती लाईन टाकून काही भागाला देता येतं का ते विचारा.

सिंहगडरोड_७६
अजून एक, धरणाच्या वरच्या अंगाला किती रिसॉर्ट, फार्महाऊस, हॉटेलं झालीयेत बघा. गावांचं सांडपाणी ओढ्याने थेट बॅकवॉटरला येतं. खाली केंद्र बांधायचं आणि वर घाण वाढू द्यायची असं किती वर्षं चालणार, ते पण लिहाच. याच धरणाचं पाणी बरंचसं पुणं पितं, फक्त आपली गावं नाही.

जुना_फिल्टरबेड
७६ चं बरोबर आहे, आणि पाईपलाईनचं राहिलं माझं. तुमच्याकडे पाणी ठराविक तासच येतं ना? पाणी बंद झालं की पाईप रिकामा होताना आत ओढ घेतो, आणि एखादा सांधा गळका असेल, शेजारून ड्रेनेज जात असेल, तर ते पाणी आत येतं. पुढच्या वेळी नळ आला की पहिल्या दोन बादल्या तेच. केंद्रातून कितीही चांगलं पाणी सुटू दे. म्हणून केंद्र आणि जुन्या ग्रामपंचायतीच्या लाईन बदलणं ही एकाच निवेदनातली मागणी करा, वेगळी वेगळी केलीत तर दुसरी मागे पडते, हे मी नोकरीत स्वतः बघितलंय.

किरकटवाडीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. माधुरीताई, तुमच्या काकूंचं वाचून रात्री झोप नाही आली. निवेदनात आता चार गोष्टी टाकतोय, केंद्र, जुन्या लाईन, केंद्र होईपर्यंत काय ते लेखी, आणि रोजचे क्लोरीनचे आकडे. वरच्या सांडपाण्याचं वेगळं पत्र करतो कारण ते जिल्हा परिषद आणि पाटबंधारेला पण द्यावं लागेल. काका, ती क्लोरीनची टेस्ट आपल्याला करता येते का? मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर करून दाखवायचीये.

जुना_फिल्टरबेड
येते की. ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टचं किट लॅबचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. काचेच्या नळीत पाणी घ्या, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका, क्लोरीन असेल तर लगेच पिवळं होतं, सोबतच्या पट्टीवर रंग जुळवून आकडा वाचायचा. पांढरंच राहिलं तर क्लोरीन नाही. पाणी थेट लाईनच्या नळाचं घ्या, गच्चीवरच्या टाकीतलं नको, टाकीत क्लोरीन उडून जातं. आणि तुमच्या गल्लीतलं एकच नको, लाईनच्या अगदी टोकाला जे घर आहे तिथलं पण एक बाटलीभर आणा. टेस्ट केलेलं पाणी ओतून द्या, ते औषध विषारी असतं, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

धायरीची_माधुरी
आमच्याकडे पण हीच टेस्ट करते या आठवड्यात, आकडा आला की इथे टाकते.