प्लुटार्कचे ‘कर्ज काढू नये’ हे वचन गावच्या फळ्यावर लिहावे का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर दर सोमवारी सुविचार लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. या आठवड्यात प्लुटार्क या ग्रीक लेखकाचे वचन लिहिले: ‘जवळ असेल तर कर्ज काढू नकोस, कारण तुला गरज नाही, नसेल तर काढू नकोस, कारण तुला फेडता येणार नाही.’ पीककर्जासाठी सातबारा काढून परतणारे एक काका फळ्यापुढे थांबले, त्यांनी ते दोनदा वाचले आणि ‘लिहिणाऱ्यानं कधी पेरणी केली नसन’ एवढेच म्हणून निघून गेले. तेव्हापासून मनाला रुखरुख लागली आहे. हे वचन त्याचेच आहे का, आणि त्याने ते कोणाला उद्देशून लिहिले?

उत्तर (निवृत्त शिक्षक, पुसद)
वचन त्याचेच आहे. इ. स. ४६ च्या सुमारास खेरोनिया या लहानशा गावी जन्मलेला आणि पुढे डेल्फीच्या अपोलो मंदिरात पुजारी झालेला हा लेखक; त्याच्या ‘मोरालिया’ या निबंधसंग्रहात कर्ज टाळण्यावर एक स्वतंत्र निबंध आहे. पण आपण कर्ज काढतो ते भाकरीसाठी नव्हे, तर वाड्या, गुलाम, खेचरे आणि मेजवानीची दालने यांसाठी, असे तो त्यातच स्पष्ट म्हणतो. त्याचा रोख चैनीवर आहे, बियाण्यावर नाही. सावकारांनाही तो सोडत नाही: ससा एका वेताला जन्म देतो, दुसऱ्याला पाजतो आणि त्याच वेळी पुन्हा गाभण राहतो, परंतु यांचे कर्ज गर्भ राहण्याआधीच व्याज विते, कारण रक्कम देता देताच ते वसुली मागतात.

उत्तर (शेतकरी, वाशीम जिल्हा)
सशाची उपमा मला पटली, कारण आमच्या आजोबांना सावकार पहिल्या महिन्याचे व्याज कापूनच पैसे हातावर ठेवत असे, आणि अंगठा मात्र पूर्ण रकमेवर घेत असे. प्लुटार्कने सुचवलेला उपाय मात्र मला अपुरा वाटतो. जात्यावर धान्य दळून पोट भरणाऱ्या क्लिअँथिस या तत्त्वज्ञाचा तो दाखला देतो. ‘अजून दळतोस का?’ असे राजाने विचारल्यावर, जगण्यासाठी आणि तत्त्वज्ञान सुटू नये म्हणून दळतो, असे त्याने उत्तर दिले. उत्तर बाणेदार आहे, पण दळणाऱ्याला फक्त स्वतःचे पोट भरायचे होते. मृगाचा पाऊस दगा देऊन दुबार पेरणी आली, तर दुसऱ्याच्या वावरातील मजुरीतून सोयाबीनची बॅग येत नाही. मुंग्या कर्ज काढत नाहीत, असेही तो लिहितो. मुंगी गोळा करते, पेरत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. काकांचे म्हणणे रास्त होते; अर्धेच वचन लिहिणे ही माझी चूक. येत्या सोमवारी वाड्या-मेजवान्यांचे वाक्य लिहीन, कारण लग्नसराई तोंडावर आहे आणि मंडप व डीजेसाठी उचल घेणारी दोन घरे आमच्याच गल्लीत आहेत. फळ्यावर चारच ओळी मावतात, त्यामुळे खेचरे गाळावी लागतील.