मदत हवी आहे: ग्रेटफुल डेडचं कॉर्नेल ऐकून झालं, आता पुढे काय?

मंडळी, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची ८ मे १९७७ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल सध्या डोक्यातून जात नाहीये. बेटी कॅन्टर-जॅक्सन यांनी केलेलं ध्वनिमुद्रण इतकं स्वच्छ, की फिल लेशच्या बासचा सूर न् सूर सुटा ऐकू येतो. (मैफल झाली त्या बार्टन हॉलसारख्या अवाढव्य जागेत हे जमवलं कसं, देव जाणे!) 'स्कार्लेट बेगोनियाज' या गाण्यातून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये शिरतात, तो तुकडा तर मी सारखा मागे नेऊन ऐकतो.

जाणकारांनो, पुढे काय ऐकू? १९७२चा युरोप दौरा, की १९७७च्याच मे महिन्यातले बाकीचे कार्यक्रम? श्रोत्यांमधून केलेलं रेकॉर्डिंगही चालेल, फक्त गाण्यापेक्षा शिट्ट्याच जास्त नकोत. लांबलचक जॅम (ऐनवेळी सुचेल तसं रंगवत नेलेलं वादन) असलेलं काही असेल तर तारखेसकट सांगा.