देवनागरी नावांसह संपर्कयादी हलवताना

जुन्या ईमेल खात्यातील यादी जीमेलमध्ये आणल्यावर देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसू लागली, अशी आपली अडचण आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) खात्यातून उतरवल्यावर ती स्प्रेडशीटमध्ये सरळ उघडून पुन्हा जतन केली गेली असावी, असे मला वाटते. गेल्या वर्षी बडोद्यात आमच्या गणेशोत्सव मंडळाची यादी हलवताना मी हीच चूक केली होती. तेव्हा 'कुलकर्णी काकू, दांडिया बाजार' ही नोंद ओळखू येईना, आणि ०२६५ने सुरू होणाऱ्या घरच्या फोन क्रमांकांतले पहिले शून्यच गळून पडले, ते मला एकेक करून पुन्हा भरावे लागले.

म्हणून मूळ फाइलला हात न लावता तीच आयात करावी. पाहायचीच असेल, तर तिची प्रत काढून ती स्प्रेडशीटच्या आयात सुविधेने, यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरे नीट दाखवणारी अक्षरसंकेत पद्धत) निवडून आणि क्रमांकांचा रकाना 'मजकूर' ठरवून उघडावी. व्हीकार्डचा (संपर्क साठवण्याच्या दुसऱ्या फाइल-प्रकाराचा) पर्याय असल्यास मी तोच घेईन, कारण मग स्प्रेडशीटचा मोह होत नाही.

बिघडलेली आयात अलीकडची असेल, तर गूगल संपर्कांच्या सेटिंगमधील 'बदल पूर्ववत करा' या सोयीने ३० दिवसांपर्यंत मागची स्थिती परत आणता येते. मात्र मधल्या काळात जोडलेली नवी नावे आधी उतरवून ठेवावीत. दुबार नोंदी त्यानंतरच एकत्र कराव्यात. आणि जुने खाते एवढ्यात बंद करू नये, ही कळकळीची विनंती.